जमा, खर्च आणि शिल्लक : अक्षय्यतेच्या नियमांनी गणिते सोडवण्याची रीत

(विद्यार्थी व पालक यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पेढीवर बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला रोजमेळ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सकाळची आरंभीची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च आणि संध्याकाळची अखेरची शिल्लक, एवढ्या चार रकमांत दिवसाचा सगळा व्यवहार येतो. दिवसभरात कोण गिऱ्हाईक आले, किती घासाघीस झाली, कोणती नोट कोणत्या हातातून कोणत्या हातात गेली, याची नोंद नसली तरी मेळ घालता येतो. मेळ बसला नाही तर जुने मुनीम दिवा मालवत नसत. कोठे तरी नोंद राहिली आहे, एवढे त्यांना निश्चित ठाऊक असे.

भौतिकशास्त्रातील अक्षय्यतेचे नियम म्हणजे निसर्गाचा रोजमेळ होय. इयत्ता नववीच्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्यांना ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आणि संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत भेटतो. बहुतेकांचा तो पाठ होतो, परीक्षेत दोन गुणही मिळवून देतो. परंतु गणित सोडवताना तो हाताशी घ्यावा हे क्वचितच सुचते. ही रीत इनामगावच्या परिसरातील पाट, विहीर, रस्ता आणि दौंडचे रेल्वे यार्ड यांच्या आधाराने उलगडून दाखवावी, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

हिशेबाची सीमा

अक्षय्य म्हणजे जी राशी नाहीशी होत नाही आणि शून्यातून निर्माणही होत नाही ती. भौतिकशास्त्रात अशा काही मोजक्याच राशी आहेत. त्यांपैकी शालेय पातळीवर वस्तुमान, ऊर्जा, संवेग आणि कोनीय संवेग या चार राशी पुरेशा आहेत. वस्तुमानाचा नियम अणुगर्भातील घडामोडींत स्वतंत्रपणे टिकत नाही, तेथे तो ऊर्जेच्या नियमात विलीन होतो. पण पाणी, धान्य आणि रसायने यांच्या नित्य व्यवहारात तो अचूक चालतो.

मात्र हिशेबाला सीमा लागते. दुकानाचा रोजमेळ लिहिताना घरखर्च त्यात मिसळला तर मेळ बसत नाही. तसेच भौतिकशास्त्रात प्रथम कोणत्या वस्तूंचा हिशेब घ्यायचा आहे हे ठरवावे लागते. त्या वस्तूंच्या समूहाला संहती म्हणतात. संहतीच्या सीमेतून काही आत आले वा बाहेर गेले, तर त्याची नोंद ठेवली पाहिजे. काहीच आले-गेले नाही, तर आरंभीची आणि अखेरची रक्कम समान. गणित सोडवण्याची सारी किल्ली या एका वाक्यात आहे.

न्यूटनच्या नियमांनी गणित सोडवताना क्षणाक्षणाला कोणते बल कोणत्या दिशेने लागते हे पाहावे लागते. अक्षय्यतेच्या नियमाने पाहिले तर मधला प्रवास वगळता येतो. फक्त आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती पुरते. जेथे मधला प्रवास गुंतागुंतीचा असतो, तेथे ही रीत विशेष उपयोगी पडते.

इनामगावचा पाट

घोड नदीच्या काठावरील इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना जगभर परिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. घरे, धान्याची कोठारे आणि कुंभाराची भट्टी यांबरोबर तेथे एक बांध आणि पाण्याचा पाटही आढळला. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेतीला देण्यासाठी तो खोदला असावा, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. म्हणजे या भूमीवर पाण्याचा हिशेब तीन हजार वर्षांहून जुना आहे.

अशा एखाद्या पाटाचे साधे गणित घेऊ या. पाट २ मीटर रुंद आहे, पाण्याची खोली अर्धा मीटर आहे आणि पाणी सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहते. तर एका सेकंदात २ गुणिले ०.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.६ घनमीटर, अर्थात ६०० लिटर पाणी त्या ठिकाणाहून पुढे जाते. पुढे पाट १ मीटर रुंदीचा झाला आणि खोली तितकीच राहिली असे धरले, तर तेथे पाण्याचा वेग किती? पाणी वाटेत साठत नाही, हरवत नाही. म्हणून तेथूनही सेकंदाला ६०० लिटरच गेले पाहिजे. रुंदी निम्मी झाली, तेव्हा वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाला १.२ मीटर झाला पाहिजे. पाण्यावर कोणते बल लागले, कोठे भोवरा झाला, हे काहीही न पाहता उत्तर मिळाले.

आता याच हिशेबाचा दुसरा उपयोग पाहावा. समजा, एखाद्या वितरिकेच्या मुखाशी सेकंदाला ६०० लिटर पाणी सोडले आणि शेवटच्या टोकाला ४२० लिटरच पोहोचले. पाणी नाहीसे होत नाही, हे नियम सांगतो. तेव्हा उरलेले १८० लिटर झिरपले, बाष्प होऊन गेले, मध्येच उपसले गेले किंवा मापात चूक झाली. याखेरीज पाचवे कारण संभवत नाही. टोकाकडच्या शेतकऱ्याची तक्रार आणि मुखाकडच्या शेतकऱ्याचे उत्तर यांत वाद होतो तेव्हा दोन ठिकाणचे मोजमाप हे आवाज चढवण्यापेक्षा अधिक बोलके ठरते. शिरूर-श्रीगोंदा भागात जेथे उन्हाळ्यातील एका आवर्तनावर पीक तरते किंवा जाते, तेथे हा हिशेब केवळ वहीतला राहत नाही.

इनामगावच्या प्राचीन रहिवाशांवरही ही वेळ आली होती. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. हवामान अधिक कोरडे होत गेले आणि शेतीचा आधार तुटला, असे त्याचे स्पष्टीकरण डॉ. ढवळीकरांनी दिले. पाण्याची जमा घटली की खर्चाची बाजू आपोआप आकसते.

झोका, विहीर आणि खोपोलीचे पाणी

उंचावर असलेल्या वस्तूजवळ स्थितिज ऊर्जा असते. ती वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी. गतीत असलेल्या वस्तूजवळ गतिज ऊर्जा असते. ती वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. घर्षणाचा खर्च नगण्य असेल तर या दोहोंची बेरीज कायम राहते. हिशेब सोपा व्हावा म्हणून गुरुत्वीय त्वरण येथे १० धरले आहे.

नागपंचमीचा झोका घ्यावा. झोका सर्वांत खालच्या बिंदूपासून ८० सेंटिमीटर उंच जाऊन परत येतो. खालच्या बिंदूशी त्याचा वेग किती? न्यूटनच्या रीतीने हे गणित सोडवू पाहणारा विद्यार्थी अडखळतो, कारण दोराचा ताण क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याची दिशाही बदलते. ऊर्जेच्या रीतीत ताणाचा विचारच करावा लागत नाही. ताण नेहमी गतीला काटकोनात असतो, म्हणून तो कार्य करत नाही, हिशेबात काही जमा करत नाही की खर्चही टाकत नाही. वरची स्थितिज ऊर्जा खाली गतिज ऊर्जेत रूपांतरित होते. वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले १० गुणिले ०.८, अर्थात १६. वेग सेकंदाला ४ मीटर. दोन्ही बाजूंनी वस्तुमान कटून गेले, याकडे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्ष द्यावे. झोक्यावर सात वर्षांची नात बसो वा तिची आजी, तेवढ्याच उंचीवरून आलेल्या दोघींचा खालचा वेग सारखाच असतो.

हाच हिशेब सह्याद्रीच्या कड्यावर लावला की त्याची भव्यता कळते. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून ५०० मीटरांहून अधिक खाली खोपोलीला उतरते. उंची ५०० मीटर धरली तर प्रत्येक किलोग्रॅम पाण्याजवळ १ गुणिले १० गुणिले ५००, म्हणजे ५,००० ज्यूल ऊर्जा असते. नळातील घर्षण सोडून दिले तर खालच्या तोटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर येतो. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा काहीही वाया गेले नाही असे धरले तरी एका युनिटसाठी ७२० लिटर पाणी घाटाखाली उतरावे लागते. घरातील दिवा विनाकारण जळत ठेवणे म्हणजे काय, हे या आकड्यावरून कळते.

उपशाचा खर्च

खोपोलीचे गणित उलटे फिरवले की विहिरीचे गणित मिळते. तेथे पाणी खाली येऊन वीज देते, येथे वीज खर्चून पाणी वर येते. विहिरीतील पाणी २० मीटर खाली असेल, तर एक लिटर पाणी वर आणण्यास किमान २०० ज्यूल लागतात. ३६ लाखांना २०० ने भागले असता एका युनिटमध्ये जास्तीत जास्त १८,००० लिटर पाणी वर येईल. प्रत्यक्षात मोटार, पंप आणि पाइप यांत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. निम्मी ऊर्जा अशी गेली असे धरले तर ९,००० लिटर येईल.

आता तेच पाणी १२० मीटर खोल बोअरमधून उपसायचे असेल, तर प्रत्येक लिटरला किमान १,२०० ज्यूल हवेत. कितीही उत्तम पंप आणला तरी एका युनिटमध्ये ३,००० लिटरच्या वर पाणी येणार नाही, आणि निम्मी ऊर्जा वाया जात असेल तर १,५०० लिटरच हाती लागेल. पाण्याची पातळी सहापट खाली गेली, खर्च सहापट झाला. पंपाचा नामांकित कारखाना, तंत्रज्ञाची हुशारी किंवा मालकाचा दरारा यांपैकी कशानेही ही किमान रक्कम कमी होत नाही. ती कमी करण्याचा एकच मार्ग आहे : पाण्याची पातळी वर आणणे. गावातील ओढ्यावर बंधारे बांधून पाणी मुरवण्याचे काम पुण्याचे आहेच. ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने विजेची बचतही आहे.

दौंडच्या यार्डातील संवेग

काही प्रसंगांत ऊर्जेचा हिशेब मांडणे अवघड होते, कारण तिचा काही भाग आवाज, उष्णता आणि तुटफूट यांत विखुरतो. टक्कर हा असाच प्रसंग. तेथे संवेग कामी येतो. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. त्याला दिशा असते. बाहेरून बल लागत नसेल तर संहतीचा एकूण संवेग कायम राहतो.

दौंड हे मध्य रेल्वेचे जुने व मोठे जंक्शन. पुणे-सोलापूर मार्ग आणि मनमाडकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. यार्डात डबे जोडण्याचे काम चालते ते अनेकांनी पाहिले असेल. समजा, ४० टनांची एक मालवाघीण सेकंदाला ३ मीटर वेगाने येते आणि रुळावर उभ्या असलेल्या, एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येकी ४० टनांच्या दोन वाघिणींना जाऊन जोडली जाते. तिन्ही मिळून कोणत्या वेगाने पुढे सरकतील?

टकरीच्या अत्यल्प काळात रुळाचे घर्षण नगण्य असते. म्हणून आधीचा संवेग आणि नंतरचा संवेग समान. आधी ४० गुणिले ३, म्हणजे १२०. नंतर १२० टन गुणिले नवा वेग. नवा वेग सेकंदाला १ मीटर.

येथे पुष्कळ विद्यार्थी ऊर्जेचे सूत्र लावतात आणि फसतात. आधीची गतिज ऊर्जा १,८०,००० ज्यूल येते. ती सगळी टिकली असे मानले तर वेगाचा वर्ग ३, आणि वेग सुमारे १.७३ येतो. परंतु तसे असेल तर संवेग १२० वरून सुमारे २०८ वर गेला असे होईल, आणि ही वाढीव रक्कम देणारा कोणीही तेथे उपस्थित नाही. म्हणून ते उत्तर बाद. खरे उत्तर घेऊन पाहिले तर नंतरची गतिज ऊर्जा ६०,००० ज्यूल भरते. उरलेली १,२०,००० ज्यूल, म्हणजे दोन-तृतीयांश ऊर्जा, गतीच्या खात्यातून गेली. ती नष्ट झालेली नाही. जोडाच्या स्प्रिंगा, लोखंडाची उष्णता आणि यार्डभर घुमणारा तो खणखणाट, या खात्यांत ती जमा झाली आहे.

कोणता नियम केव्हा वापरावा, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. वस्तू आदळून चिकटल्या, तर प्रथम संवेग. घर्षण नसलेली घसरण, झोका किंवा उडी असेल, तर ऊर्जा. दोन टप्पे असतील, तर प्रत्येक टप्प्यासाठी त्याला योग्य तो नियम.

रस्त्यावरील वर्गमूळ

वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याची गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ही गोष्ट अठराव्या शतकात युरोपातील विद्वानांनाही सहजासहजी पटली नव्हती. हॉलंडमधील स ग्रावेसांडे यांनी पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. दुप्पट वेगाने पडणारा गोळा चौपट खोल रुततो, असे त्यांना आढळले. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले यांनी या प्रयोगाचे महत्त्व ओळखून वेगाच्या वर्गाचा पुरस्कार केला.

त्या पितळेच्या गोळ्यांचा पुणे-नगर महामार्गाशी निकटचा संबंध आहे. ब्रेक दाबल्यावर वाहनाची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत जाते. घर्षणाचे बल वाहनाच्या वजनाच्या निम्मे धरले, तर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाची मोटारसायकल १० मीटरांत थांबते. ताशी ७२ किलोमीटर वेगाची तीच मोटारसायकल थांबायला ४० मीटर घेते. शिवाय डोळ्यांनी धोका पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तो धरला तर पहिले अंतर २० मीटर आणि दुसरे ६० मीटर होते. रस्ता ओला असेल तर घर्षण कमी आणि अंतर आणखी जास्त.

गळिताच्या हंगामात रात्री उसाची ट्रॉली मागचा दिवा न लावता रस्त्याकडेला उभी असते. मोटारसायकलच्या दिव्यात ती ४० मीटरांवर दिसली, तर ३६ च्या वेगाने येणारा मुलगा निम्मे अंतर शिल्लक ठेवून थांबतो. ७२ च्या वेगाने येणाऱ्या मुलासमोर एक सेकंदानंतर केवळ २० मीटर उरलेले असतात. तेवढ्यात निम्मी ऊर्जा ब्रेक घेतो. उरलेली निम्मी ट्रॉलीवर आदळण्याच्या क्षणी खर्ची पडते. हिशेब मांडला तर आदळताना त्याचा वेग अजून ताशी सुमारे ५१ किलोमीटर असतो. वेग दुप्पट करून वेळ किती वाचला आणि त्यापायी काय पणाला लागले, हा ताळा प्रत्येक पालकाने मुलाच्या हाती गाडीची किल्ली देण्यापूर्वी त्याच्याकडूनच करवून घ्यावा. उपदेशापेक्षा स्वतः सोडवलेले गणित मनात अधिक काळ राहते.

कुंभाराचे चाक

चौथी राशी कोनीय संवेग. इनामगावच्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची तांबूस रंगाची, काळ्या नक्षीची, चाकावर घडवलेली उत्तम भांडी मोठ्या संख्येने मिळाली. कुंभार चाकाला काठीने गती देतो आणि काठी बाजूला ठेवून दोन्ही हात मातीला लावतो. चाक फिरत राहते, कारण फिरण्याचा संवेग बाहेरून कोणी काढून घेतल्याशिवाय जात नाही. आसाचे घर्षण आणि हातांचा दाब तो हळूहळू काढून घेतात, तेव्हा पुन्हा काठी लावावी लागते. चाक जितके जड आणि त्याचे वजन जितके परिघाकडे, तितका साठा मोठा. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसलेल्या मुलाने हात जवळ घेतले की तो वेगाने फिरू लागतो, हाही याच नियमाचा प्रत्यय. वस्तुमान आसाजवळ आले, कोनीय संवेग तितकाच राहिला, म्हणून फिरण्याचा वेग वाढला.

हे नियम मुळात का टिकतात, याचे उत्तर जर्मन गणिती एमी नोएदर यांनी १९१८ साली दिले. निसर्गाचे नियम काल, आज आणि उद्या तेच असतात, म्हणून ऊर्जा अक्षय्य. ते येथे आणि तेथे तेच असतात, म्हणून संवेग अक्षय्य. ते कोणत्याही दिशेला तोंड केले तरी तेच राहतात, म्हणून कोनीय संवेग अक्षय्य.

मेळ बसत नाही तेव्हा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका प्रयोगात हा रोजमेळ खरोखरच बसेना. काही किरणोत्सारी अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आधीची ऊर्जा आणि नंतरची ऊर्जा यांत तफावत राहू लागली, आणि दरवेळी ती निराळी येऊ लागली. नील्स बोर यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही अणुगर्भात ऊर्जा अक्षय्य नसेल, असे म्हणण्याच्या तयारीला आले. वोल्फगांग पाउली यांनी १९३० साली दुसरा मार्ग सुचवला : एखादा विद्युतभाररहित, डोळ्यांना वा यंत्राला न दिसणारा कण उरलेली ऊर्जा घेऊन जात असावा. पुढे त्याला न्यूट्रिनो हे नाव मिळाले. रेनेस आणि कोवान यांनी १९५६ साली तो प्रत्यक्ष पकडला. १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा पुरावा मिळवला. मुनिमाचा जुना विश्वास खरा ठरला : तफावत होती, कारण एक नोंद राहिली होती.

डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. विश्वात नवे द्रव्य निर्माण होत असते, असा सिद्धांत फ्रेड हॉइल आणि त्यांनी मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तथापि द्रव्याच्या निर्मितीची गोष्ट करतानाही त्यांनी अक्षय्यतेचा नियम मोडला नाही. ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र मानून त्यांनी जमेच्या प्रत्येक रकमेसमोर खर्चाची रक्कम लिहिली. नव्या विचाराला मुभा असते. विनाहिशेब विचाराला नसते.

फुकटाचे यंत्र

याच कारणाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली एक ठराव केला, की इंधनाशिवाय अखंड चालणाऱ्या यंत्राचे दावे यापुढे तपासले जाणार नाहीत. अडीचशे वर्षे झाली, तरी असे दावे थांबलेले नाहीत. एकदा फिरवले की स्वतःच वीज निर्माण करून स्वतःच चालणारी मोटार, केवळ पाण्यावर धावणारी गाडी, प्लगमध्ये खोचताच वीजबिल निम्मे करणारी डबी, अशा वस्तूंची जाहिरात वेळोवेळी होते आणि सज्जन माणसे कष्टाचे पैसे त्यात गुंतवतात. अशा वेळी यंत्र उघडून पाहण्याची गरज नसते. सीमा आखावी आणि दोनच प्रश्न विचारावेत : आत काय येते आणि बाहेर काय जाते? बाहेर जाणारी रक्कम आत येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त सांगितली जात असेल, तर एक तर नोंद लपवली आहे किंवा सांगणारा स्वतः फसला आहे.

विद्यार्थ्यांसाठी चार पायऱ्या

गणित हाती आले की विद्यार्थ्यांनी घाईने सूत्र शोधू नये. पहिली पायरी, संहती ठरवून तिच्याभोवती कागदावर सीमा आखावी. दुसरी, आधीची आणि नंतरची अशी दोन चित्रे काढावीत. तिसरी, सीमेतून कोणती राशी आत-बाहेर होत नाही ते पाहावे आणि तिचाच हिशेब मांडावा. चौथी, उत्तर आल्यावर दुसऱ्या राशीने ताळा करावा. तफावत राहिली तर ती कोणत्या खात्यात गेली ते एका वाक्यात लिहावे. या शेवटच्या वाक्यात विद्यार्थ्याची खरी समज दिसते.

द्रव्य टिकते आणि पर्याय बदलतात, हा विचार या सभागृहातील श्रोत्यांना नवा नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात उत्पत्ती, विनाश आणि स्थैर्य यांचा एकत्र विचार आला आहे. तो सत्तेच्या स्वरूपाचा तात्त्विक विचार आहे. ज्यूलमध्ये मोजता येणारी ऊर्जा हा निराळा, प्रयोगाने पारखलेला विषय आहे. एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याला लावण्याचे कारण नाही. मात्र बदलणाऱ्या गोष्टींत न बदलणारे काय ते शोधण्याची ज्या घरांत सवय आहे, त्या घरांतील मुलांना हे गणित परके वाटू नये, एवढे खचित म्हणता येईल.

संस्थेच्या सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने गावातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटा उपक्रम करावा. आपल्या विहिरीतील किंवा बोअरमधील पाण्याची खोली मोजावी, एका युनिटमध्ये किती लिटर पाणी येते ते मीटर पाहून मोजावे, आणि नियमाने येणाऱ्या कमाल आकड्याशी ते ताडून पाहावे. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे त्या घराची दर युनिटमागची गळती. ती कोठे आहे हे मुलाने शोधून काढले, तर त्याचा अक्षय्यतेचा धडा पूर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही.